राजाचा हिशोब, चौकडीचं कापड

बँकेत आपण चेक टाकतो. राज्याच्या सीमेवर चेकनाका असतो. रेल्वेत तिकीट चेक होतं, मास्तर पेपर चेक करतात, चाळिशी उलटली की घरचे चेकअपचा धोशा लावतात. कपाटात चेक्सचा शर्ट असतो. आणि हल्लीची पोरं बुद्धिबळाच्या पटावर ‘शह’ न म्हणता सरळ ‘चेक’ म्हणतात. एवढासा शब्द, पण अडवणं, तपासणं, पैसे देण्याचा कागद आणि कापडावरची नक्षी अशी चारही कामं तो बिनतक्रार करतो. हे अर्थ एकमेकांना चुकून चिकटलेले नाहीत. त्यांचा गोतावळा एकच आहे, आणि त्याच्या मधोमध बाराव्या शतकातलं इंग्लंडच्या राजाच्या हिशोबनिसांचं एक टेबल आहे. त्या टेबलाचं नाव मात्र इंग्लंडचं नव्हतं. ते निघालं होतं इराणातून, आणि ते ज्या खेळातलं तो खेळ त्याच्याही आधी आपल्याकडून.

सहाव्या शतकाच्या आसपास भारतातलं चतुरंग इराणात गेलं. तिथे त्याचं ‘चतरंग’ झालं आणि आपल्या राजाला तिथे ‘शाह’ म्हणू लागले. राजावर चाल आली की समोरच्याला सावध करायला ‘शाह’ म्हणायचं आणि तो निरुपाय झाला की ‘शाह मात’. मराठीतला ‘शह’ तिथलाच, आणि ‘अडचणींवर मात केली’ असं आपण उठताबसता म्हणतो त्यातली ‘मात’ही तिथलीच. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकलं तेव्हा राज्याबरोबर हा खेळही त्यांच्या हाती आला. अरबीत ‘च’ नाही आणि ‘ग’ही नाही, म्हणून चतरंगाचा ‘शतरंज’ झाला. अरबांबरोबर तो स्पेन आणि सिसिलीत पोचला आणि इ.स. १००० च्या सुमारास युरोपातल्या मठांत नि दरबारांत खेळला जाऊ लागला.

लॅटिन लिहिणाऱ्या पंडितांनी ‘शाह’ला आपल्या जिभेच्या सोयीने ‘स्काकुस’ केलं आणि खेळाच्या पटाला ‘स्काकारियम’ म्हटलं. जुन्या फ्रेंचमध्ये शहाचा झाला ‘एशेक’ आणि पटाचा ‘एशेकिए’. इंग्रजीने पुढे यांच्यावरून शब्दांची एक रांगच उभी केली. एशेकचा ‘चेक’ झाला, त्याच्या अनेकवचनापासून खेळाचं नाव ‘चेस’ आलं, आणि पटापासून ‘चेकर’ आणि ‘एक्स्चेकर’. यातल्या शेवटच्या शब्दातला ‘एक्स’ मुळात नव्हताच. फ्रेंच शब्दाच्या सुरुवातीचा ‘ए’ म्हणजे लॅटिनचा ‘एक्स’च असणार, असं समजून विद्वत्तेच्या भरात कोणीतरी तो चिकटवला, आणि इंग्लंडच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो आजही आहे.

खेळाचा पट सरकारी खजिन्यात कसा शिरला, हे समजायला इंग्लंडची त्या वेळची अडचण बघावी लागते. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतरच्या राजांची जहागीर समुद्राच्या दोन्ही काठांना होती. पहिला हेन्री हा ११०० ते ११३५ एवढा काळ गादीवर होता, पण त्यातली बरीच वर्षं तो नॉर्मंडीत गुंतलेला असे. इंग्लंडात महसूल गोळा करत ते शेरीफ, म्हणजे राजाने प्रत्येक परगण्यात नेमलेले अंमलदार. (मुंबईच्या नगरपालाला इंग्रजीत शेरीफ म्हणत ते याच पदावरून. मुंबईत ते पद मानापुरतंच उरलं होतं.) शेरीफ परगण्याचा ठरावीक आकडा राजाला द्यायला बांधलेला असे, आणि त्यावर जे सुटेल ते त्याचं. आपल्याकडच्या मक्तेदारीच्या पद्धतीशी हे जुळतं, आणि तिच्यातले सगळे रोगही त्यात होते. राजा दूर, अंमलदार जबरदस्त, लिहिता-वाचता येणारे थोडे आणि रोमन आकड्यांत बेरीज करणं म्हणजे डोकेफोड.

यावर तोड काढली ती सॉल्सबरीचा बिशप रॉजर याने. राजा समुद्रापार असताना राज्याचा गाडा हाच हाकत असे. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसला, प्रत्येक शेरीफने हजर व्हायचं आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या अधिकाऱ्यांसमोर पै-पैचा हिशोब द्यायचा, असा दंडक त्याने घातला. ११३९ साली गादीच्या भांडणात स्टीफन राजाने रॉजरला कैद केलं आणि त्याच वर्षी तो मेला. पुढची पंधराएक वर्षं यादवीत गेली आणि घडी विस्कटली. दुसरा हेन्री ११५४ मध्ये गादीवर आला तेव्हा ती पुन्हा बसवायला त्याने रॉजरच्याच पुतण्याला, ईलीचा बिशप नायजेल याला, बोलावलं. नायजेलचा मुलगा रिचर्ड पुढे खजिनदार झाला. तीन पिढ्या एकाच घराण्याने हे कसब सांभाळलं, आणि तिसऱ्या पिढीतल्या माणसाने ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं.

रिचर्ड फिट्झनीलने ११७७ च्या सुमारास लिहायला घेतलेलं ‘स्काकारियमविषयीचा संवाद’ हे लॅटिन पुस्तक गुरु-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. टेम्सच्या काठी खिडकीत बसलेल्या गुरूला शिष्य विचारतो की, इतकं सगळं येत असून तुम्ही ते दुसऱ्यांना का शिकवत नाही? मग गुरु सांगू लागतो. सरकारी कामाचं पुस्तक असून त्यात एवढा बारकावा आणि एवढं प्रेम आहे की वाचताना जुन्या तहसील कचेरीतला एखादा निष्णात अव्वल कारकून डोळ्यांपुढे उभा राहतो.

टेबल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद. त्याला चारी बाजूंनी चार बोटं उंचीची कड, म्हणजे वरचं काही खाली पडू नये. त्यावर दर ईस्टरला नवं कापड घातलं जाई, आणि तेही साधं नाही, काळं. त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतरावर रेघा. या रेघांमधल्या पट्ट्यांना ठरलेली किंमत असे. उजवीकडची पहिली पट्टी पेनींची, मग शिलिंगांची, मग पौंडांची, मग वीस-वीस पौंडांची, त्यापुढे शेकड्यांची आणि हजारांची. बारा पेनींचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, पण प्रत्यक्षात नाणं होतं ते फक्त चांदीच्या पेनीचं. शिलिंग आणि पौंड हे नुसते मोजण्यातले शब्द.

मोजणारा टेबलाच्या लांब बाजूला मधोमध बसे. शेरीफने एकूण किती द्यायचे ते वरच्या ओळीत सोंगट्या मांडून दाखवायचं, त्याने किती भरले ते खाली मांडायचं आणि वजा करत जायचं. ज्या पट्टीत काही नाही ती रिकामी. शून्याचं चिन्ह ठाऊक नसताना शून्याचं काम ती मोकळी जागा करत होती. शेरीफला वाचता येत नसलं तरी आपल्यावर किती निघतंय ते त्याला टेबलापलीकडून दिसे, आणि बाकीच्या सगळ्यांनाही दिसे. या साऱ्या मांडणीचा हेतू तोच होता. हिशोब उघड्यावर, चार साक्षीदारांदेखत.

याला स्काकारियम का म्हणतात, असा प्रश्न शिष्य विचारतोच. गुरु आधी दिसण्यातलं साम्य सांगतो. टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं. पण त्याचं खरं उत्तर पुढे आहे. पटावर जशा दोन बाजू लढतात तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची झुंज चालते, आणि बाकीचे पंच होऊन बघत बसतात. माझ्या मते या शब्दाची पुढची सगळी वाटचाल या उत्तरात आहे. नक्षीपेक्षा अविश्वास महत्त्वाचा. आपल्याच अंमलदाराला आपला प्रतिस्पर्धी मानणारं सरकार तिथे बसलेलं होतं.

तो अविश्वास किती बारीक होता, हे चांदीच्या परीक्षेत दिसतं. काही परगण्यांचा भरणा नुसता मोजून चालत नसे. तिथल्या नाण्यांत भेसळ आहे का ते बघावं लागे. शेरीफच्या ढिगाऱ्यातून कुठूनही ४४ शिलिंगांची नाणी उचलून थैलीत घालायची, तिच्यावर मोहर करायची, त्यातली वीस शिलिंगांची म्हणजे २४० नाणी मोजून मुशीत वितळवायची आणि उरलेली शुद्ध चांदी पौंडाच्या वजनाशी तोलून बघायची. जेवढी घट, तेवढ्या पेनी शेरीफने दर पौंडामागे वर भरायच्या. हिशोबाचे पट मेंढीच्या कातड्यावर लिहीत, त्याचंही कारण फिट्झनील सांगतो. मेंढीच्या कातड्यावर खाडाखोड केली की डाग लपत नाही. खजिनदाराचा लेखनिक एक पट लिही आणि शेजारी बसून चॅन्सेलरचा लेखनिक दुसरी प्रत उतरून घेई, शब्दाला शब्द. या पटांमधला हाती आलेला सर्वांत जुना ११२९-३० सालचा आहे. ११५० च्या दशकापासून ते जवळजवळ सलग आहेत, थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत.

भरणा केल्याची पावती लाकडाची असे. हेझल झाडाची टीचभर काठी घ्यायची. फिट्झनीलचं माप अंगठा आणि तर्जनी ताणून होतं तेवढं, म्हणजे अक्षरशः आपली टीच. हजार पौंडांसाठी तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभरांसाठी अंगठ्याएवढी, विसांसाठी करंगळीएवढी, एका पौंडासाठी जवाच्या फुगलेल्या दाण्याएवढी. शिलिंगाची त्याहून लहान, आणि पेनीसाठी लाकूड न काढता नुसता चरा. मग काठी उभी चिरायची. एक भाग शेरीफकडे, दुसरा खजिन्यात. हिशोबाच्या दिवशी दोन्ही भाग जोडून बघायचे. खाचा जुळल्या, लाकडाच्या शिरा जुळल्या तर पावती खरी. कागदावर सही खोटी करता येते, लाकडाच्या शिरा कोण खोट्या करणार?

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. बुद्धिबळ ज्या वाटेने युरोपात गेलं त्याच वाटेने आपले अंकही गेले. १२०२ साली पिसाच्या फिबोनाचीने त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पण इंग्लंडच्या खजिन्याने खेळाचं नाव हौसेने घेतलं आणि अंकांना पुढची कित्येक शतकं दारातच थांबवलं. रोमन आकडे, सोंगट्या आणि काठ्या चालूच राहिल्या. कचेरीला एकदा पद्धत लागली की ती सुटत नाही, हे काय आपल्याला नव्याने सांगायला हवं?

शब्द मात्र कचेरीबाहेर पडला होता. चौदाव्या शतकात ‘चेक’ हा पटावरचा शह तर होताच, शिवाय कुणालाही अडवणं, रोखणं, दमात घेणं या अर्थाने तो बोलण्यात आला होता. राजावर शह आला की बाकी सगळं सोडून आधी त्याचं बघावं लागतं. खेळ तिथे अडतो, त्यातूनच हा अर्थ फुटला. त्याच काळातला कवी जेफ्री चॉसर. त्याच्या तरुणपणच्या एका दीर्घ काव्यात शोकाकुल सरदार नियतीबरोबर बुद्धिबळ खेळतो आणि हरतो. हाच चॉसर १३७४ पासून बारा वर्षं लंडनच्या बंदरात लोकरीच्या जकातीवर ‘कंट्रोलर’ होता. कंट्रोलर म्हणजे जकात गोळा करणाऱ्याच्या पटाला जोडपट लिहिणारा. त्याने लिहिलं ते यानेही लिहायचं आणि दोन्ही पट एक्स्चेकरपुढे ठेवायचे. कवितेत शह लिहिणारा माणूस दिवसा तपासनीस होता. या जोडकामातून ‘पडताळून बघणं’ हा चेकचा अर्थ निघायला मात्र आणखी वेळ लागला. तो पक्का झाला सतराव्या शतकात. दरम्यान चेकर म्हणजे चौकटींची नक्षी हा अर्थ कापडावर गेला आणि तोडका होऊन ‘चेक्स’ झाला. इंग्लंडच्या पंतप्रधानांचा खेड्यातला वाडा ‘चेकर्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचं नावही बाराव्या शतकात तिथे जमीन असलेल्या एक्स्चेकरच्या एका द्वारपालावरून पडलं असावं, असं मानतात.

काठ्यांनी पुढे वेगळंच रूप घेतलं. राजाला पैशाची घाई असे आणि महसूल यायला उशीर. मग खजिना येणाऱ्या महसुलावर आधीच काठी काढून सावकाराला देई. काठी हे कर्जरोख्याचं काम करू लागली आणि लंडनचे सोनार ती कसर कापून विकत घेऊ लागले. हेच सोनार लोकांच्या ठेवीही ठेवत. म्हणजे विधवेची पुंजी सोनाराकडे, आणि सोनाराचा पैसा राजाकडे.

२ जानेवारी १६७२ ला दुसऱ्या चार्ल्सने खजिन्याचं दार लावलं. डच लोकांशी युद्ध काढायचं होतं आणि तिजोरी आधीच पुढच्या महसुलावर उचलून बसली होती. कर्जफेड एक वर्ष तहकूब, असा हुकूम निघाला. वर्ष संपलं, हुकूम संपला नाही. सुमारे तेरा लाख पौंड अडकले. त्यातले चार लाखांहून अधिक एकट्या रॉबर्ट व्हायनर या सोनाराचे होते. तो आणि एडवर्ड बॅकवेल, लंडनचे दोन सर्वांत मोठे पेढीवाले, पुढच्या बारा वर्षांत दोघेही दिवाळ्यात गेले. शेरीफला शह द्यायला बांधलेल्या कचेरीने या खेपेला स्वतःच्या सावकारांनाच शह दिला. राजाच्या शब्दावर पैसा द्यायचा नाही, पार्लमेंटने हमी दिली तरच द्यायचा, हा धडा लंडनच्या बाजाराने घेतला. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड निघाली त्यामागे युद्धाचा खर्च हे तातडीचं कारण होतं, पण ही पोळलेली आठवणही होती. १६९७ मध्ये बँकेने नवं भांडवल उभारलं तेव्हा त्यातला चार पंचमांश भाग लोकांनी याच काठ्यांच्या रूपाने भरला!

आपण ज्याला चेक म्हणतो तो कागद तेव्हा होता, पण त्याचं नाव वेगळं होतं. १६५९ सालची, क्लेटन आणि मॉरिस या पेढीवर काढलेली चारशे पौंडांची एक चिठ्ठी अजून जपलेली आहे. तिच्यावर चेक हा शब्द नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘चेक’ म्हणत ते पावतीबुकात उरणाऱ्या स्थळप्रतीला, कारण खोट्या हुंड्यांना आळा घालायचा तो तिने. फाडलेली कडा जुळते का ते बघायचं. काठी चिरण्याचीच ही कागदी आवृत्ती म्हणायची. हळूहळू स्थळप्रतीचं नाव मूळ कागदाला लागलं. मग स्पेलिंगचा घोळ. १८२० च्या दशकात जेम्स गिलबार्ट या बँकरने बँकव्यवहारावर पुस्तक लिहिलं आणि त्यात एक्स्चेकरच्या धर्तीवरचं लांबलचक स्पेलिंग मुद्दाम स्वीकारलं. बाकीच्या अर्थांशी गल्लत होऊ नये, हे त्याचं एक कारण. इंग्लंडने आणि पाठोपाठ आपण ते घेतलं. अमेरिकेने जुनं, आखूड स्पेलिंग सोडलं नाही.

काठ्या बंद करायचा कायदा १७८० च्या दशकातच झाला होता. पण त्या खात्यातल्या दोन मानकऱ्यांची पदं त्यांच्या हयातीपुरती राखली गेली, त्यामुळे तो खऱ्या अर्थाने लागू झाला १८२६ मध्ये. मागे उरले वेस्टमिन्स्टरमधल्या खोलीभर वाळक्या काठ्यांचे ढीग. १८३४ मध्ये ती खोली दिवाळखोरीच्या नव्या कोर्टाला हवी होती. इमारतींची देखभाल बघणाऱ्या रिचर्ड वेबली याने काठ्या उघड्यावर न पेटवता लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायचं ठरवलं. १६ ऑक्टोबरला सकाळपासून दोन मजूर दोन गाड्याभर काठ्या भट्टीत कोंबत राहिले. दुपारी सभागृह बघायला आलेल्या पाहुण्यांना बुटांच्या तळव्यातून जमिनीची धग जाणवली, आणि धुरामुळे भिंतींवरचे प्रसिद्ध पडदेही नीट दिसेनात. सभागृह दाखवणाऱ्या बाईने मजुरांना निरोप पाठवला, पण काम थांबलं नाही. सहाच्या सुमाराला आग भडकली, आणि रात्रीत पार्लमेंटची जवळजवळ सगळी इमारत गेली. हजारो लोक नदीकाठी आणि पुलांवर उभे राहून बघत होते. त्यात टर्नर हा चित्रकारही होता. त्याची त्या आगीची दोन मोठी तैलचित्रं आज अमेरिकेत आहेत. जुना वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचला.

कॉमन्स सभागृहाचे जुने कागद जवळजवळ सगळे गेले. देशाचं प्रमाण वजन आणि प्रमाण गजही तिथेच ठेवलेले होते. ते निकामी झाले आणि नवी मापं तयार होऊन कायद्याने ठरायला १८५५ उजाडलं. जळून गेलेल्यात लोकांना हळहळ वाटावी असं पुष्कळ होतं. पण चार्ल्स डिकन्सने १८५५ मधल्या एका भाषणात सगळा राग काढला तो काठ्यांवर. शतकानुशतकं निरुपयोगी पद्धत चालवली ती कुणी, आणि आसपासच्या गरिबांना त्या सरपणाला का दिल्या नाहीत, असा त्याचा सवाल होता. १८३८ मध्ये सरकारी दप्तरं एका जागी जपण्याचा कायदा झाला, त्याला या आगीनेही जोर दिला. नवं पार्लमेंट चार्ल्स बॅरीने बांधलं. लंडनच्या फोटोत आपण ओळखतो ते हेच.

मुंबईत १८४० साली बँक ऑफ बॉम्बे निघाली तेव्हा इथल्या पेढ्यांवर हुंडीचा व्यवहार जोरात होता. म्हणून ‘हुंडी वटते’ त्याच क्रियापदाने मराठीत चेकही वटू लागला. ‘धनादेश’ हा शब्द नंतर आला, आणि तो बहुधा सरकारी पत्रांतच राहिला. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या सहाव्या कलमात चेकची व्याख्या आहे. नेमलेल्या बँकेवर काढलेली आणि मागताक्षणी द्यायची हुंडी, असा तिचा आशय. १९८८ साली त्या कायद्यात १३८ वं कलम घातलं गेलं आणि खात्यात पैसे नसल्याने चेक न वटणं हा फौजदारी गुन्हा ठरला. शिक्षा आधी एक वर्षापर्यंत होती, २००२ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत गेली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली तेव्हा देशभरात या एका कलमाखालचे ३५ लाखांहून अधिक खटले तुंबलेले होते.